पाचवा फाऊल

काल कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलच्या रेषा आखत होते. ओल्या चुन्याचा वास आला आणि मी पुन्हा शेगावच्या त्या तापलेल्या सिमेंटच्या कोर्टवर जाऊन उभा राहिलो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता. विद्यापीठाचा संघ निवडणारे कडेला खुर्च्या टाकून बसले होते. आमच्यातून एकालाच घेणार आणि तो सुधाकर असणार, हे सगळे धरून चालले होते. संग्रामपूरचा सुधाकर, माझ्याच खोलीत राहणारा.

शेवटच्या मिनिटांत आम्ही दोघं एकाच खेळाडूला अडवायला धावलो. त्याच्या मनगटावर फटका माझा बसला. शिट्टी वाजली. ज्याचा फाऊल, त्याने हात वर करायचा, ही तेव्हाची रीत. माझा हात उठला नाही. पंचांनी सुधाकरचा नंबर दाखवला. त्या झटापटीत त्यालाही तो आपलाच फाऊल वाटला. त्याचा तो पाचवा होता, म्हणून तो बाहेर गेला. जाताना म्हणाला, "आता तूच सांभाळ बे."

निकालाची ती मिनिटं निवडणाऱ्यांनी त्याच्याऐवजी मला खेळताना पाहिलं. आम्ही जिंकलो आणि निवड माझी झाली. नाव ऐकून मला रडू फुटलं. सुधाकरने आपला घामट टॉवेल माझ्या तोंडावर फेकला.

"काऊन रडून राह्यला बे? लगन ठरलं काय तुहं?"

वाटलं, परतताना एसटीत सांगू. एसटीत तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. त्याची झोप मोडायला नको म्हणून मी गप्प बसलो. तेव्हा मला ती माया वाटली होती.