प्रयोगशाळेच्या खिडकीखालचं झाड

माझी अमालियामावशी खोटं बोलायला लागली की आधी एप्रनला हात पुसते. त्या दिवशी हात कोरडेच होते, तरी तिने तीनदा पुसले.

समोर मारिसोल बसली होती. कोलोरॅडोच्या माळावरचा आमचा बीट साखर कारखाना बंद पडून बरीच वर्षं झालेली. त्या जागी आता बाग होणार होती, म्हणून जमिनीत काय काय मुरलंय ते तपासायला गावाने हिला नेमलं होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली जुनी माणसं विचाराल तर एकटी मावशीच उरली होती. शेतकऱ्यांच्या प्रत्येक गाडीतलं बीट किसून, रस काढून, त्यात साखर किती ते ती सांगायची, आणि त्यावर भाव ठरायचा. तिच्यापुढे भलेभले चळचळा कापत.

"रस निवळायला शिसं वापरायचात ना, आजी? उरलेलं पाणी कुठे टाकायचात?"

"तळ्यात." हात पुसले.

"सुरुवातीपासून?"

मावशीने एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली. मला वाटलं, विसरली. विसरतेय कसली! प्रयोगशाळेच्या खिडकीखालचं प्लमचं झाड बागेत तसंच राखून त्याखाली बाक ठेवायचं ठरलं होतं. तिच्या नवऱ्याने, कारखान्याच्या चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या कोनराडकाकांनी ते लग्नाआधी लावलेलं, ही खिडकीतून बघेल म्हणून. आता काका नव्हते, पण त्या बाकावर बसायचं, एवढंच मावशीचं मागणं होतं.

"पोरं खेळणार तिथे?" तिने विचारलं.

"झोपाळे लागणार आहेत शेजारीच."

"मग लिही पोरी. पहिली तीन वर्षं मी बादली खिडकीतूनच ओतली. आणि त्या खुळ्याने नेमकं तिथेच झाड लावलं. मग मी तळ्यात टाकायला लागले."

"मावशी! आणि त्या प्लमचा केक आम्ही दर वर्षी हाणला?"

"तो बाजारच्या फळांचा. 'झाड तुझं, तोडायचंही तूच,' असं त्यानेच म्हटलं होतं ना? मी फळं कच्चीच उतरवून पुरायचे, आणि शेजारच्या गावातून टोपली आणायचे. अडतीस वर्षं."

काका त्या केकवरून काय फुशारक्या मारायचे! "आहे का ही गोडी दुसऱ्या कुणाच्या झाडाला?" म्हणत पाहुण्यांच्या ताटात आणखी एक तुकडा लोटायचे.

"सांगायचं की त्यांना."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी उपटलं असतं त्याने. आणि लावताना किती खूश होता गं तो."

माती वाईट निघाली. झाड काढायचं ठरलं. मारिसोलने मात्र न सांगता फळंही तपासून घेतली होती. शिसं सगळं मातीत आणि मुळांपाशी, फळात जवळजवळ काहीच नाही.

"म्हणजे खाता आली असती?" मावशीने विचारलं. गेल्याच ना त्या सगळ्या टोपल्या फुकट.

झाड पाडायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघी तिथे गेलो. मावशीने एक पिकलेलं फळ तोडलं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं आणि चावलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांना धार लागली. मी घाबरून धावले.

"आंबट!" ती रडता रडता हसायला लागली. "आंबटढाण आहे मेलं!"

मग तिने बुंध्यावर हात ठेवला. "बरं झालं रे कोनराड, तुला कळलं नाही ते," असं म्हणत तिने ते अख्खं फळ संपवलं.