कार्डातला बाबू

भालकीच्या तहसील कचेरीत मी पहिल्यांदा अर्ज घेऊन गेले, त्या दिवसाची गोष्ट आज लिहितेय. चाळीस वर्षं होऊन गेली असतील... पण त्या खिडकीचे गज अजून आठवतात.

मालक जाऊन चार महिने झाले होते. हुमनाबादला लॉऱ्या भरायच्या कामावर होते, तापाचं निमित्त झालं आणि गेले. मागं मी, दोन पोरी आणि एक रेशन कार्ड. मी दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायचे, पण कार्डावरच्या ज्वारी-तांदळाशिवाय महिना निघत नव्हता.

आमच्या गावात रीत अशी की कार्ड रेशन दुकानदाराकडेच ठेवायचं. तेलाच्या रिकाम्या डब्यात अर्ध्या गावाची कार्डं. घरी उंदीर कुरतडतात, पावसात भिजतात, असं तो सांगायचा. पण ज्यांची कार्डं त्या डब्यात, त्यांची साखर नेमकी 'कालच संपली' असायची...

आमचे मालक मात्र कार्ड स्वतःकडे ठेवायचे. माल घेतला की समोर लिहून घ्यायचे आणि कार्ड घरी आणून पेटीत टाकायचे. ते गेल्यावर दुकानदार म्हणाला, "अक्का, घरचा माणूसच न्हाई म्हटल्यावर कार्ड रद्द हुतंय. माझ्याकडं ठेव. कुणाला कळू देत न्हाई."

मी शाळेत गेलेली नाही. पुड्यांच्या कागदांवर मराठी वाचायला शिकले, आणि बसच्या पाट्या बघून कानडी अक्षरं लावायला. त्या दुपारी कार्डामागच्या कानडी सूचना एक एक अक्षर लावून वाचल्या. सगळं नाही कळलं. पण कार्ड दुसऱ्याच्या हाती ठेवू नये, आणि घरात कोणी वारलं तर तहसीलला कळवावं, एवढं कळलं. रद्द होतं असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तलाठ्याकडून, त्याच्या वहीतल्या नोंदीवरून, मृत्यूचा दाखला घेतला. शेजारच्या शेवंताक्काला सोबत घेतलं आणि भालकीची बस धरली.

कारकून कानडी होता, पण मराठी बरं बोलायचा. त्यानं कार्ड बघितलं, दाखला बघितला, परत कार्ड बघितलं. म्हणाला, "अक्का, दाखल्यात मेला तो नामदेव. कार्डात आहे बाबू. तुमचा बाबू तर जिवंत आहे बघा!"

रांगेतले हसले. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर क्षणभर बरंच वाटलं... कुठल्या तरी सरकारी कागदावर हा माणूस अजून होता.

चूक माझीच होती. कार्डासाठी नावं लिहायला साहेब गावात आले, तेव्हा मालक कामावर होते. आणि नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, नाहीतर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. सासऱ्यांनी बौद्ध धम्म घेतला, घरातले देव गेले, पण ही एक भीती तशीच राहिली होती. मी दाराआड गप्प उभी. शेवंताक्कानं, गाव ज्या नावानं हाक मारायचं, तेच सांगून टाकलं... बाबू.

मालकांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. "बाबूला दिली काय अन् नामदेवला दिली काय, ज्वारी खाणार तर आपणच की!"

आता मात्र हसण्यासारखं नव्हतं. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं लिहून द्यायला हवं होतं. नाहीतर नाव बदलणार नाही आणि पुढच्या तपासणीत कार्ड बाद. कारकुनानं कागद पुढं ओढला. "दाखल्यात आहे, पण तुमच्या तोंडून हवं. नवऱ्याचं खरं नाव काय?"

मी खिडकीचे गज मोजू लागले.

मागून एक म्हातारा ओरडला, "सांग की गं माय, बस जायलीय माझी!" शेवंताक्का पुढं सरकली. "मी सांगते सायेब, ती लाजायलीय."

"मागच्या वेळी कोणी सांगितलं होतं?" कारकुनानं विचारलं.

शेवंताक्का पुढं सरकली होती तशीच मागं सरकली.

"नामदेव," मी म्हणाले. आवाज खिडकीपर्यंत पोचलाच नाही. "मोठ्यानं, अक्का." मग मोठ्यानं म्हणाले. अकरा वर्षांच्या संसारात एकदाही न घेतलेलं नाव, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं... ते तेवढे ऐकायला नव्हते.

कारकुनानं बाबूवर लाल शाईची रेघ मारली. रेघ पूर्ण होईपर्यंत मी बघत राहिले. मग त्यानं विचारलं, "आता घरचा मुख्य कोण लिहू? दिराचं नाव?"

"माझं लिहा," मी म्हणाले, आणि सही केली.

पंधरा दिवसांनी कार्ड हातात आलं. माल घ्यायला गेले, तर दुकानदारानं सवयीनं डब्याचं झाकण उघडलं. मी म्हणाले, "अण्णा, समोर लिवा अन् परत द्या." "लईच शाणी झालीस की गं!" तो म्हणाला. "व्हय," मी म्हणाले, आणि कार्ड घेऊनच घरी आले.

त्या कार्डावर पोरी मोठ्या झाल्या. पण मला जास्त आठवतो तो भालकीहून परत येतानाचा बसमधला तास. शेवंताक्का झोपली होती आणि मी खिडकीशी बसून विचार करत होते... नाव घेतलं नाही म्हणून त्यांचं आयुष्य काही वाढलं नाही. अकरा वर्षं मी उगीच गप्प राहिले.

मला मोठ्यानं बोलायला लावणाऱ्या त्या कारकुनाचे उपकार आहेत माझ्यावर. तेव्हापासून मी ते नाव रोज एकदा तरी घेते.