चाकणच्या आकाशात सगळेच अर्जंट

चाकणमधल्या माणसाच्या ‘अर्जंट’ या शब्दावर मी विश्वास ठेवला. तोही सॉफ्टवेअर लिहिताना.

सप्लायरांनी आपले छोटे पार्ट एका मोठ्या कंपनीला ड्रोनने पाठवायचे, अशी ट्रायल चालू होती. उतरायला पॅड एकच. म्हणून प्रत्येक सप्लायरला आम्ही एक एआय एजंट दिला होता, म्हणजे त्याची बाजू मांडणारा प्रोग्राम. या एजंटांनी आपसात बोलून, एकमेकांना सांभाळून घेत उतरायचा क्रम ठरवायचा. भांडणं नकोत म्हणून मी नियम घातला: ज्याचं अर्जंट, त्याला बाकीच्यांनी वाट द्यायची.

दुपार झाली तरी इरफानभाई या छोट्या सप्लायरचा ड्रोन निघोजेतल्या त्यांच्या शेडवरून हलला नव्हता. त्यात नव्या ऑर्डरचा सॅम्पल पीस होता. तीनच्या आत कंपनीच्या क्वालिटी विभागात पोचला नाही, तर ऑर्डर दुसऱ्याला जाणार होती. मी फोन लावला.

“भाई, तुमच्या एजंटला काय सांगितलंत?”

“खरं ते. तीनपर्यंत पोचलं तरी चालेल.”

“बाकी सगळ्यांनी अर्जंट टाकलंय. तुम्हीपण टाका की.”

“आणि उद्या खरंच अर्जंट आलं, तर काय टाकू?”

फोन ठेवून मी आमच्या बॉस गीतामॅडमकडे गेलो.

“मॅडम, हाताने त्यांचा नंबर वर घेतो.”

“घे. उद्यापासून अख्खं चाकण तुझ्या मोबाइलवर उतरेल.”

मग लॅपटॉप काखेत मारून पॅडवरच गेलो. कडेला ‘अर्जंट’चे खोके रचून ठेवलेले. सिक्युरिटीवाले मामा त्यातल्याच एका खोक्यावर डबा ठेवून जेवत होते.

“मामा, हे न्यायला कुणी आलं न्हाई?”

“सकाळपास्नं हायत. जेवून येतो म्हनला त्यो न्येनारा.”

मी शेजारच्या खोक्यावर लॅपटॉप उघडला. माल उचलताना गेटवर स्कॅन होतोच. ती वेळ एजंटांना दाखवली. ज्याचा अर्जंट माल पडून राहतो, त्याच्या शब्दाला वजन कमी. जो दुसऱ्यासाठी थांबतो, त्याचं थांबणं पुढच्या वेळी त्याच्या कामी येणार. एजंट पुन्हा आपसात बोलले, आणि सकाळपासून अडून बसलेले निमूट बाजूला झाले.

तीनला थोडा वेळ असताना इरफानभाईंचा ड्रोन उतरला. पीस मी स्वतः धावत क्वालिटीला नेला. पास झाला. ऑर्डर निघोजेतच राहिली.

एकमेकांना वाट द्यायला एआय पटकन शिकतं. कोण खरंच घाईत आहे, हे मात्र त्याला दाखवावं लागतं. नुसतं विचारून चाकणमध्ये तरी भागत नाही.

धावल्यामुळे पाय भरून आले होते. दुसऱ्या दिवशीच्या रजेचा मेल टाकला, विषयात ‘अर्जंट’ लिहून. वर मॅडमना म्हणालो, “काही अडलं तर लगेच बोलवा.”

मॅडमनी स्क्रीनवरून मानही वर केली नाही.

“शिंदे, तुला त्या पॅडवर उतरवलं असतं ना, तरी संध्याकाळपर्यंत कुणी न्यायला आलं नसतं.”