सात ओळी, सात रकाने

उसातल्या साखरेची सरासरी मी एकदा आडवी काढायची सोडून चक्क उभी काढली. सत्तरच्या दशकात सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मी आकडेमोड बघायचो. तक्त्यात सात गावांच्या सात ओळी आणि सात आठवड्यांचे सात रकाने, त्यामुळे आठवड्यांची उत्तरं गावांच्या नावापुढे बिनबोभाट बसली. ज्या गावाच्या उसात साखर जास्त, त्याचा ऊस आधी तोडायचा; तो क्रम त्याच यादीवर ठरला. ती बघून आष्ट्याचा एक शेतकरी म्हणाला, "आवं सायेब, आमचा ऊस पिकून वाळाय लागलाय, आन् आमीच शेवटी व्हय?"

तक्ता पुन्हा बघितला, तर गावांपुढे आठवड्यांची सरासरी बसलेली. यादी त्याच दिवशी दुरुस्त केली. त्याचं गाव पहिलं आलं.

मग कारखान्याचे हिशोब पुण्यातल्या ज्या संगणकावर व्हायचे, त्याच्यासाठी मी भोकं पाडलेल्या कार्डांवर छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओळी घ्यायच्या की रकाने, आणि सरासरी हवी की सर्वांत मोठा आकडा, एवढंच सांगायचं. तो एकेक ओळ किंवा रकाना घेऊन तेच गणित करायचा आणि उत्तराशेजारी त्या गावाचं किंवा आठवड्याचं नावही छापायचा. पुढे सगळ्या खात्यांनी तोच वापरला! घरी मी छाती फुगवून हे सगळं सांगितलं.

बायको म्हणाली, "लय भारी केलंसा. पर चूक ज्यानं धरली, त्याला च्या तरी पाजलासा का?"