सोडायची ओळ आधी

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात ज्ञानूलाच शिव्या घालत होतो. तपासायला पाठवतो म्हणून कबूल केलेलं काम चार दिवस झाले तरी त्यानं पाठवलं नव्हतं. "भावजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. हृदयानं दगा दिला. आता सहा आठवडे झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. काढायचा कुणावर, एवढाच प्रश्न आहे.

ज्ञानोबा, आमचा ज्ञानू, गेवराईजवळच्या एका खेड्यातला. बीडला आम्ही एका बाकावर शिकलो, पुण्यात एका खोलीत राहिलो आणि दोघंही कर्नलच्या कामात पडलो. कर्नल म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. जोडलेल्या प्रत्येक यंत्रासाठी त्यात एक छोटा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर. दोन यंत्रांना जोडणीचा एकच पोर्ट वापरायचा असेल, तर एका ड्रायव्हरनं कुलूप लावून तो ताब्यात घ्यायचा, काम करायचं, कुलूप सोडायचं, मग दुसऱ्यानं घ्यायचा. सांगायला सोपं आहे. आमचं आयुष्यभराचं पोट यावरच भरलं.

एका दुष्काळी वर्षी ज्ञानूनं गावच्या दूध सोसायटीत हौसेनं संगणक बसवला. वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र, दोन्ही एकाच पोर्टवर. तोवर तिथं फॅट अंदाजपंचे सांगितली जायची, आणि अंदाज नेहमी मोठ्या घरच्या म्हशीकडं झुकायचा. लिटरभर दूध आणणाऱ्या बायांना आपलं खरं माप पहिल्यांदाच दिसणार होतं. पण रोज सकाळी रांग अर्ध्यावर आली की सगळं गोठायचं. चेअरमननी शेवटी बजावलं, "उद्या चाललं तर चाललं, न्हाई तर ह्यो डबा उचला. आमी आपलं पयल्यासारखं करतो." पुण्यात महिनाभर बिनचूक चाललेला प्रोग्रॅम होता तो! मी दोन दिवस आधीच मदतीला आलो होतो, डोळे फोडून ओळ न् ओळ वाचली होती, पण चूक काही सापडेना.

त्या दुपारी त्याच्या घरी चहा घेत बसलो होतो. गल्लीत एकाच बोअरला पाणी उरलं होतं, आणि मोटारीच्या पेटीची चावी लिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर असायची. ज्याची पाळी त्यानं ती घ्यायची आणि परत तिथंच अडकवायची. त्या दिवशी ज्ञानूच्या चुलतभावाच्या पाळीला मोटारीनं नुसती हवा ओढली, आणि हा पठ्ठ्या वैतागून चावी खिशात घालून घरी आला. तिकडं बाकीची गल्ली घागरी घेऊन उभी. ज्ञानूची आई दारातच कडाडली, "पानी न्हाई आलं म्हनून चावी खिशात ठिवतो व्हय रं? तुजं काम होवो न होवो, चावी खिळ्यालाच पायजे!"

ज्ञानूनं कप खाली ठेवला. "लई गाढव हाय मी बे," म्हणाला आणि सोसायटीकडं पळाला.

चूक तीच होती. जनावरं आटलेली, किटलीत दूध जेमतेम. नमुना कमी पडला की फॅटचं यंत्र मोजता येत नाही असं कळवायचं, आणि ज्ञानूचा ड्रायव्हर तिथूनच कुलूप न सोडता माघारी फिरायचा. काटा बिचारा ताटकळत राहायचा. पुण्यात आम्ही पिशवीचं दूध भरपूर ओतून तपासलं होतं. दूध कमी पडेल हे बीडच्या दोन पोरांना सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते. ज्या बायांसाठी हे मांडलं, नेमक्या त्यांच्याच किटलीपाशी ते अडत होतं... दुसऱ्या दिवशी रांग शेवटपर्यंत चालली. कमी नमुना आला की यंत्र कुरकुरायचं, तो पुन्हा भरून घेतला जायचा, आणि काटा आपलं काम करत राहायचा. डबा कुणी उचलला नाही.

तेव्हापासून ज्ञानूला एक सवय जडली. कुलूप घेण्याची ओळ लिहिली की लगेच खाली सोडण्याची ओळ लिहायची. काम होवो न होवो, बाहेर पडायचं ते तिथूनच. मधलं मग सावकाश. "जेवायच्या आधीच आचवतोस होय रे?" मी चिडवायचो. "आईला विचार," तो म्हणायचा.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याचा लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. मला तपासायला पाठवायचं राहिलेलं काम त्यात होतं. वर घेण्याची ओळ, खाली सोडण्याची ओळ, मध्ये काहीच नाही... वहिनींसमोरच मी रडलो. मग तिथंच, त्याच्या खुर्चीत बसून मधलं लिहून काढलं. शेवटच्या ओळीला हात लावावा लागला नाही.