पोराचा गया पाय

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली, पुन्हा करून दाखवता येत नाही तो बग मी लिहूनसुद्धा घेत नाही. तरीही हे लिहितेय...

२००४. चँडलर, ॲरिझोना. माझा धाकटा भाऊ शेखर तेव्हा आमच्याकडेच राहायचा. एमएस करायला आला आणि दुसऱ्या सेमिस्टरला त्याला एका म्हातारीचा आवाज ऐकू यायला लागला. "वऱ्हाडीत बोलते गं, ताई," म्हणायचा. आम्ही पक्के पुण्याचे, वऱ्हाडी येतंय कुणाला! पहिल्या औषधाने म्हातारी हटली नाहीच, वर शेखरचे पाय सतत वळवळायचे, एका जागी बसवेना. मग डॉक्टरांनी औषध बदललं आणि म्हातारी गप्प झाली. पण या औषधाने पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. आणि घसा दुखला किंवा ताप आला तर त्याच दिवशी फोन करायचा, असं नर्सने बजावलं होतं.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी, लॅब बंद. तपासणी सोमवारवर ढकलली, चार गोळ्या शिल्लक होत्याच. शनिवारी शेखरला कणकण आली. मी काय केलं? आपण सगळे करतो तेच. भारतातून आणलेल्या औषधांचा डबा उघडला, तापाची गोळी दिली, वर हळदीचं दूध. ताप उतरला. 'हवा बदललीय,' असं मीच ठरवून टाकलं आणि फोन केला नाही.

रविवारी दुपारी ग्रोसरी घेऊन आले तर आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं. खरखरीत, म्हातारा आवाज —

"पोराचा गया पाय वं बाई."

बस्स, एवढंच. 'पाय' ऐकून मला ते जुनं वळवळणं आठवलं. सोफ्यावर पडलेल्या शेखरचे पाय चाचपले, तर अगदी शांत. तो मात्र पांढराफटक पडला होता. "ताई... हीच ती."

मला रागच आला. अशी चेष्टा करू शकेल अशी एकच वऱ्हाडी माझ्या ओळखीची, ऑफिसमधली अकोल्याची वैशाली. तिला फोन लावला आणि रिसीव्हर मशीनजवळ धरून मेसेज ऐकवला.

ती हसली. "अगं, गया म्हणजे गळा. पाय म्हणजे पाहा. पोराचा गळा बघ म्हणतेय. कोण गं ही आजी?"

टॉर्च आणून शेखरचा घसा पाहिला. आत पांढरे चट्टे. अंग पुन्हा तापलेलं. क्लिनिकचा नंबर दोनदा चुकला. "इमर्जन्सीत न्या, आत्ताच," त्यांनी सांगितलं. रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. "सोमवारपर्यंत थांबला असतात तर..." म्हणत डॉक्टरांनी त्याला लगेच भरती करून घेतलं.

दहा दिवसांनी शेखरला घरी आणलं. मशीनवर तो मेसेज नव्हता. कुणी पुसलाही नव्हता. वैशाली मात्र आजही शपथेवर सांगते, "मी स्वतः ऐकलाय."

शेखर आता तिसऱ्या औषधावर आहे, नियमित घेतो, बरा आहे. म्हातारी परत आली नाही. डबा मी फेकून दिला, साधी तापाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय देत नाही.

एकदा त्याला विचारलं, "ती तुझ्याशी बोलायची ना रे? मग मला का फोन केला?"

"मला सांगितलं असतं तर मी तुला सांगितलं असतं," तो शांतपणे म्हणाला. "आणि तू माझा डोस वाढवून आणला असतास."

तो मेसेज कुठून आला, मला आजही माहीत नाही. शेखरचं म्हणणं मात्र खरं आहे. मी तेच केलं असतं.