हजार किलोमीटर होईपर्यंत

आमच्या ह्यांना बाजारात सगळे तेलकाका म्हणतात. शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि खिशात पेन असावं तशी तेलाची कुपी बाळगतात. डाग नसलेला त्यांचा शर्ट मी आजवर धुतलेला नाही. नवीन मशीन आलं की दोरा न ओवता ते नुसतं चालवत बसायचं, हळू, मग जरा जोरात, मग परत हळू. यंत्राला सुरुवातीला घाई केली की ते जन्मभर कुरकुरतं, हा त्यांचा ठरलेला मंत्र. बायको का कुरकुरते, हे मात्र त्यांनी कधी उघडून बघितलं नाही.

गाडी घेतली ती माझ्यासाठी. हे मी नाही, तेच सगळ्यांना सांगत फिरायचे. माझे गुडघे गेलेले, आणि आई घाटापलीकडे, भावाकडे. तिकडे जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि बसच्या पायऱ्या इतक्या उंच की कंडक्टरने हाताला धरून वर ओढावं. वर्ष होत आलं, आईला पाहिलं नव्हतं. ती खूप थकली होती. फोनवर एकच विचारायची, गाडी आली का गं? आली म्हटल्यावर त्या दिवसापासून रस्त्याकडे डोळे लावून बसली.

आणि इथे आमच्या घरात नवाच कायदा सुरू झाला. शोरूमवाल्याने चावी देताना सांगितलं होतं, पहिले हजार किलोमीटर जपा. जास्त पळवू नका, एकाच वेगाने रेटू नका, चढावर इंजिनाला त्रास देऊ नका, लोड टाकू नका, मग पहिल्या सर्व्हिसिंगला आणा. ह्यांनी मान डोलावली आणि लोड म्हणजे मी, असा अर्थ काढला. खोटं नाही सांगत. रोज सकाळी एकटे निघायचे, सपाट रस्त्याने गोदामापर्यंत आणि परत. आल्यावर बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी काढून फडक्याला पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उजेडात धरून बघायची. डॉक्टरसुद्धा एक्स-रे इतका वेळ बघत नाही. मी दारात उभी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते केव्हाच उलटले, तरी मी त्या गाडीत नुसती टेकलेसुद्धा नव्हते.

अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भांडले, अबोला धरला, जाऊबाईंकडून सांगून पाहिलं. ते चिडायचे नाहीत, तेच तर वाईट. म्हणायचे, अगं, थोडेच राहिलेत, एकदा इंजिन मोकळं झालं की तुला दर आठवड्याला नेतो. इतकं मनापासून सांगायचे की पुढे काय बोलणार, कपाळ? आईला मी रोज नवी थाप मारायची. तिला खरं कसं सांगू, की जावई गाडीला तळहाताच्या फोडासारखं जपतोय म्हणून?

मग एके दुपारी भावाचा फोन आला. आईला धाप लागलीय, तुझं नाव घेतेय, असशील तशी निघ. ह्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. हातातलं काम टाकून आले आणि मला धरून गाडीत बसवलं. सपाटीवर बरी चालली. घाट लागला आणि गाडी रांगायला लागली. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. भरलेले ट्रक. माझा जीव टांगणीला लागलेला.

"अहो, दाबा ना," मी म्हटलं.

ते घामाघूम झाले होते. म्हणाले, "दाबतोय गं. पायच खाली जात नाही."

मी बघितलं. पाय खरंच ऐकत नव्हता. खाली जायचा, इंजिनाचा आवाज चढला की आपोआप वर यायचा. जन्मभर त्याला तेच शिकवलेलं. आता ओरडून तरी काय होणार होतं? मी गुडघ्यांवर हात दाबून बसले.

पोचलो तेव्हा भाऊ फाटकात उभा होता. त्याला कसलीच घाई नव्हती. म्हणाला, "आत्ताच गेली गं."

त्या जाण्यायेण्यात हजार भरले.

सर्व्हिसिंगला ह्यांनी मला बरोबर नेलं. एकटं त्या गाडीत बसवत नाही म्हणाले. मेकॅनिकने जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, इंजिन चालू करून कान लावला आणि खूश झाला. काका, गाडी अशी वापरावी, म्हणाला. ह्यांनी हळूच विचारलं, माणसं बसवली असती तर? तो हसायलाच लागला. दोन माणसांनी काय होतंय, लोड म्हणजे टपावर पोती वगैरे, आणि घाटात खालचा गिअर टाकायचा की झालं. ह्यांनी फक्त मान हलवली. कितीतरी दिवस मनात साठवलेलं मला तेव्हा बोलता आलं असतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मेकॅनिकला बिल विचारलं.

मेकॅनिकने चावी हातात दिली. आता बिनधास्त पळवा, घाट चढवा, लांब न्या, म्हणाला.

ह्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. मी बसले, ते बसले, पण गाडी काही सुरू करेनात. मग पुढे बघतच म्हणाले, "सांग, कुठे नेऊ तुला?"

आईकडे सोडून दुसरीकडे मला कुठे जायचंच नव्हतं कधी. मी म्हटलं, "घरी चला."